कपाटातलं पुस्तक आणि फाटकावरचं कुलूप

२०१७च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका जुन्या पत्रातला शब्द अडला म्हणून मला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघायचा होता. १८५७ची दुसरी आवृत्ती इंटरनेट अर्काइव्हवर पानोपान स्कॅन करून ठेवलेली आहे, आणि मी ती नेहमी तिथेच बघत आलो आहे. त्या दिवशी दुवा उघडला तर कोशाचं पान नाही. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या, की हा पत्ता दूरसंचार विभागाच्या निर्देशावरून बंद करण्यात आला आहे. का बंद केला, कुणाच्या तक्रारीवरून, दाद कुठे मागायची, यातलं काही लिहिलेलं नव्हतं. माझ्या इंटरनेटवाल्याला फोन केला. त्याने मोडेम बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं.

उलगडा वर्तमानपत्रांतून झाला. ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या दोन सिनेमांच्या निर्मात्यांनी चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने त्यांना मनाई हुकूम दिला आणि त्यासोबत जोडलेल्या यादीत २,६५०च्या आसपास साइट होत्या. त्यात चोरीचे सिनेमे वाटणाऱ्यांच्या रांगेत इंटरनेट अर्काइव्हचंही नाव होतं. अर्काइव्हच्या लोकांचं म्हणणं, आम्हाला कुणी साधी नोटीसही पाठवली नाही. म्हणजे शाहरुख खानच्या सिनेमापायी मोल्सवर्थ कोंडला गेला. पुढे काही दिवसांत साइट उघडली, पण हे घडलं कसं हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. ‘साइट ब्लॉक केली’ असं आपण सहज म्हणतो, पण बंद नेमकं कुठे होतं आणि हात कुणाचा असतो, ते एकदा सावकाश पाहायला हवं.

आधी रस्ता समजून घेऊ. तुम्ही फोनवर एखाद्या ग्रंथालयाचं नाव टाइप करता, पण यंत्रांना नावं कळत नाहीत. त्यांना आकड्यांतला पत्ता लागतो. म्हणून तुमचा फोन सगळ्यात आधी एका नोंदवहीला विचारतो, की या नावाचा पत्ता काय? या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. परक्या गावात उतरल्यावर आपण नाक्यावरच्या पानवाल्याला ‘अमुकांचं घर कुठे?’ म्हणून विचारतो, तसंच हे. साधारणपणे हा पानवाला तुमच्या इंटरनेट कंपनीचाच असतो. पत्ता मिळाला की दुसरा टप्पा म्हणजे त्या आकड्याच्या दिशेने निघणं. रिक्षावाल्याला इमारत सांगितली की तो नेऊन सोडतो. तिसरा टप्पा इमारतीच्या फाटकावर. तिथला वॉचमन विचारतो, ‘कुणाकडे?’ कारण एकाच इमारतीत बिऱ्हाडं अनेक असतात. इंटरनेटवरही एकाच आकडी पत्त्यावर शेकडो साइट नांदतात, त्यामुळे तुमच्या फोनला फाटकावर बिऱ्हाडाचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. मग तुम्ही वर जाता, दार लावून घेता, आणि आत कपाटातून कोणतं पुस्तक काढता ते बाहेर कुणाला दिसत नाही.

अडवणूक या तीनपैकी एका ठिकाणी होते.

पानवाल्याला गाठणं सगळ्यात स्वस्त. त्याला सांगून ठेवायचं, की हे नाव विचारलं तर ‘इथे असं कुणी राहत नाही’ म्हण, नाहीतर भलत्याच घराचा पत्ता दे. मला दिसलं तसं दोन ओळींचं पान हे बरेचदा ते भलतं घर असतं. पण ही अडवणूक तकलादू, कारण माणूस दुसऱ्या पानवाल्याला विचारू शकतो. रिक्षावाल्यांना ‘त्या इमारतीकडे जायचंच नाही’ असं सांगणं त्याहून जालीम. पण मग त्याच इमारतीतल्या इतर बिऱ्हाडांचे पाहुणेही अडकतात, त्यांचा काही संबंध नसताना. तिसरा उपाय वॉचमनचा. त्याच्या हातात यादी द्यायची आणि नाव जुळलं की माणूस परत पाठवायचा. यासाठी कंपनीला जाणारं-येणारं प्रत्येक पाकीट चाळणारी यंत्रं बसवावी लागतात. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीतल्या अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वी भारतातल्या सहा मोठ्या कंपन्यांच्या जोडण्या तपासल्या, तेव्हा कुणी पानवाला धरलेला दिसला, कुणी वॉचमन. गंमत पुढेच आहे. यादी सगळ्यांना सरकारकडून आणि न्यायालयांकडूनच येत असूनही, सहाही कंपन्यांनी बंद केलेल्या साइट एकूण बंद साइटच्या जेमतेम चौथाईच्या आसपास निघाल्या. तुमच्याकडे उघडणारं ग्रंथालय शेजाऱ्याच्या फोनवर बंद असू शकतं ते यामुळे.

इथे एक गोष्ट घडून गेली आहे, जिची चर्चा कमी होते. पूर्वी, म्हणजे साइटच्या पत्त्याआधी नुसतं ‘एचटीटीपी’ असे तेव्हा, दार उघडंच असायचं. तुम्ही आत कोणतं पान मागितलं हे इंटरनेट कंपनीला दिसायचं, आणि तिने ठरवलं तर तेवढंच पान अडवता यायचं. मग ‘एचटीटीपीएस’ आलं, त्यातल्या शेवटच्या ‘एस’ने दाराला कडी लावली. बँकेचा व्यवहार, डॉक्टरला पाठवलेला रिपोर्ट, खासगी पत्र, सगळं त्यामुळे सुरक्षित झालं आणि ते फार बरं झालं. पण त्याच कडीमुळे वॉचमनला कपाट दिसेनासं झालं. आता त्याच्या हाती दोनच गोष्टी आहेत. सगळ्या घराला जाऊ द्यायचं, नाहीतर सगळ्या घराला अडवायचं. कायदा मात्र अजूनही पुस्तकाची भाषा बोलतो. कॉपीराइट एका कृतीवर असतो, एका कादंबरीवर, एका सिनेमावर. संबंध ग्रंथालयावर तो कधीच नसतो. तक्रार एका पुस्तकाची आणि तारेला कळतो फक्त घराचा पत्ता, या फटीतच मोल्सवर्थ सापडला.

मुंबई उच्च न्यायालयाने ही फट एकदा ओळखली होती. २०१६च्या जुलैमध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या निर्मात्यांनी अशीच यादी आणली, तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी ती तशीच मान्य करायला नकार दिला. पूर्ण साइट बंद करायची तर तिच्यावर कायदेशीर असं काहीच नाही हे दाखवा, नाहीतर नेमके दुवे द्या आणि ते तपासल्याचं शपथेवर सांगा, असा त्यांचा आग्रह होता. निर्माते मग एकेक दुवा तपासून शंभरावर दुव्यांची यादी घेऊन आले आणि तेवढ्यांना मनाई झाली. माझ्या मते या विषयावर आपल्याकडच्या कोर्टांतून आलेला हा सगळ्यात शहाणा आदेश. त्यानंतर वर्षभरातच मद्रासचा आदेश आला, तो अगदी उलट्या दिशेने. आणि आज नेमका दुवा अडवा म्हटलं तरी, वर सांगितलेल्या कडीमुळे, इंटरनेट कंपनीला ते जमणं अवघड. नेमकं पुस्तक काढायचं काम आता ग्रंथालयच करू शकतं. म्हणून आधी ग्रंथालयाला विचारणं याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलं आहे.

आता हुकूम कसा निघतो ते पाहू. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६९अ कलमाखाली सरकार स्वतःहून साइट बंद करू शकतं, पण त्याची कारणं ठरलेली आहेत: देशाची सार्वभौमता, संरक्षण, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कॉपीराइट त्यात नाही. त्यामुळे निर्मात्याला किंवा प्रकाशकाला कोर्टाची पायरी चढावी लागते. अडचण अशी, की चोर कोण हे त्याला माहीत नसतं. मग दावा अनोळखी माणसाविरुद्ध लावायचा. इंग्रजी कायद्यात या अनोळखी इसमाला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्या कोर्टांनी त्याचं ‘अशोक कुमार’ असं बारसं केलं. मराठी कोर्ट असतं तर सोम्यागोम्या म्हणालं असतं. या अशोक कुमारासोबत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आणि केंद्र सरकारची खाती यांनाही प्रतिवादी करतात. त्यांनी गुन्हा केलेला नसतो, पण किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

सिनेमा शुक्रवारी लागणार असतो, म्हणून अर्ज घाईचा. समोर बाजू मांडायला अशोक कुमार येत नाही. कंपन्यांच्या वकिलांना भांडण्यात रस नसतो. सोबत चोरी शोधणाऱ्या एखाद्या संस्थेने तयार केलेली यादी असते. अशा याद्या बऱ्याचदा यंत्राने केलेल्या असतात. सिनेमाचं नाव जिथे जिथे सापडेल तिथलं घर यादीत. इंटरनेट अर्काइव्हवर कुणालाही काहीही चढवता येतं, त्यामुळे त्याचं नाव अशा यादीत जाणं फार अवघड नाही. न्यायाधीशांपुढे त्या दिवशी आणखी पन्नास प्रकरणं असतात. अंतरिम हुकूम निघतो, दूरसंचार विभाग तो कंपन्यांना कळवतो आणि कंपन्या कुलपं लावतात. कंपनीने कुलूप लावलं नाही तर न्यायालयाचा अवमान आणि परवान्याची भीती. चुकून जास्त घरांना लावलं तर तिला विचारणारं कुणी नाही. या दोन पारड्यांत कोणतं खाली जाणार, हे सांगायला नको.

यात वगळली जाते ती एक पायरी. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात आणि २०१३च्या नियमांत अशी सोय आहे, की हक्कदाराने लेखी तक्रार केली तर मजकूर पोचवणाऱ्या मध्यस्थाने ३६ तासांत तो मजकूर बंद करावा. २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही तर तो पुन्हा उघडता येतो. रोग्याचं बोट दुखतंय तर बोटाला पट्टी, असा हा साधा उपाय. अर्काइव्हसारख्या पत्ता-फोन असलेल्या, पत्राला उत्तर देणाऱ्या संस्थेशी असं वागणं सहज शक्य होतं. तिथे तक्रारीची व्यवस्था आहे आणि वस्तू काढल्या जातात.

काय पणाला लागतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ नावाचा सरकारी उपक्रम निघाला होता. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि देशभरातली केंद्रं यांनी मिळून लाखो भारतीय पुस्तकं स्कॅन केली. त्यात मराठी ग्रंथ रगड. नावं रोमन लिपीत आणि इतकी चुकीची लिहिलेली, की पुस्तक शोधायला शेरलॉक होम्स लागावा, पण पुस्तकं होती. पुढे कॉपीराइटच्याच तक्रारींवरून ती सरकारी साइट बंद पडली. तोवर अमेरिकेतल्या कार्ल मॅलमुड या खटपट्या माणसाने त्यातली ४ लाखांहून अधिक पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर उतरवून ठेवली होती. म्हणजे २०१७मध्ये कुलूप लागलं तेव्हा आपल्या जुन्या छापील ग्रंथांची एक मोठी पेटी त्या घरात होती. त्यातल्या काही पुस्तकांचे हक्क अजून जिवंत आहेत, हेही खरं. तो वाद त्या त्या पुस्तकाचा. सिनेमावाल्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

आता जर्मनीकडे जाऊ, कारण तिथे याच गोष्टीचा आरसा उलटा धरलेला दिसतो. तिथे कुलूप सरकारने लावलं नाही, इंटरनेट कंपन्यांनी लावलं नाही. ग्रंथालयाने आतून कडी घातली.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे जगातलं सगळ्यात जुनं डिजिटल ग्रंथालय. मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने १९७१च्या ४ जुलैला इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टाइप करून ठेवला, तिथून त्याची सुरुवात. हक्क संपलेली पुस्तकंच तिथे ठेवायची, हा नियम. पण हक्क संपले हे कोणत्या देशाच्या कायद्याने? गुटेनबर्ग अमेरिकेच्या कायद्याने चालतं. तिथे त्या काळी सोपा हिशेब होता: १९२३च्या आधी प्रसिद्ध झालेलं पुस्तक सगळ्यांचं. जर्मनीत हिशेब लेखकाच्या मरणावरून होतो, मृत्यूनंतर ७० वर्षं. टोमास मान यांची ‘बुडनब्रोक्स’ ही कादंबरी १९०१ची, त्यामुळे अमेरिकेत खुली. पण मान वारले १९५५मध्ये, म्हणून जर्मनीत २०२५ संपेपर्यंत ती प्रकाशकाच्या ताब्यात.

आपल्याकडे ६० वर्षं. रवींद्रनाथ ठाकूर १९४१मध्ये गेले, तेव्हाच्या ५० वर्षांच्या हिशेबाने त्यांचे हक्क १९९१अखेर संपणार होते, त्या तोंडावर मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. वर्ष संपल्यावर मोजणी सुरू होते, म्हणून पुस्तकं नेहमी १ जानेवारीला खुली होतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं सगळं लेखन १ जानेवारी २०११पासून खुलं. बाबासाहेब आंबेडकर आणि बा. सी. मर्ढेकर दोघेही १९५६चे, म्हणून १ जानेवारी २०१७. अत्र्यांसाठी २०३०पर्यंत थांबायचं, वि. स. खांडेकरांसाठी २०३७पर्यंत. आणि टोमास मान? भारतात ते २०१६पासून मोकळे आहेत. एकच कादंबरी न्यूयॉर्क आणि नाशिकमध्ये सगळ्यांची आणि फ्रँकफर्टमध्ये एका प्रकाशकाची, असा काळ दहा वर्षं होता. कॉपीराइटला देशांच्या सीमा आहेत आणि इंटरनेटला नाहीत, एवढंच त्याचं कारण.

एस. फिशर या जर्मन प्रकाशनगृहाने २०१५च्या अखेरीस गुटेनबर्गवर फ्रँकफर्टमध्ये दावा लावला. वाद १८ पुस्तकांचा. लेखक तीन: टोमास मान, त्यांचे थोरले बंधू हाइनरिश मान आणि आल्फ्रेड डब्लिन. गुटेनबर्गचं म्हणणं होतं, आमचं कार्यालय अमेरिकेत, सर्व्हर अमेरिकेत, तिथल्या कायद्याने आम्ही काही चूक करत नाही. जर्मन कोर्टाने विचारलं, जर्मन भाषेतली पुस्तकं तुम्ही कुणासाठी ठेवलीत? साइट जर्मनीत उघडते आणि जर्मन वाचक ती वापरतात, तेव्हा आमचा कायदा लागू. २०१८च्या ९ फेब्रुवारीला निकाल प्रकाशकाच्या बाजूने लागला. ती १८ पुस्तकं जर्मन वाचकांना मिळता कामा नयेत.

आता कोर्टाने सांगितलं होतं अठरांबद्दल. गुटेनबर्गने काय करावं? २८ फेब्रुवारीपासून त्यांनी जर्मनीतून येणाऱ्या प्रत्येक वाचकाला सगळं ग्रंथालयच बंद केलं, तेव्हाची पन्नास हजारांहून अधिक पुस्तकं. शेक्सपिअर बंद, गटेही बंद, ज्याच्या मृत्यूला दोनशे वर्षं होत आली होती तो. त्यांची भूमिका अशी, की आज अठरा पुस्तकांना लागू झालेला न्याय उद्या दुसऱ्या प्रकाशकाच्या आणखी शंभरांना लागू होईल, आणि स्वयंसेवकांवर चालणारी संस्था प्रत्येक वेळी परदेशी वकील कुठून आणणार? जर्मनीत अशा मनाईचा भंग झाला तर प्रत्येक भंगाला अडीच लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मला यात भीती दिसते, आणि थोडा हट्टही. पुस्तकं वेगळी काढणं त्यांना तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतं. घर त्यांचंच होतं, कपाट त्यांना दिसत होतं.

ही आतली कडी चालते कशी? प्रत्येक इंटरनेट कंपनीला आकडी पत्त्यांचे गठ्ठे वाटून दिलेले असतात आणि कोणता गठ्ठा कोणत्या देशात आहे याच्या याद्या मिळतात. येणाऱ्याचा पत्ता यादीत पाहायचा, जर्मनीचा निघाला तर त्याला माफीचं पान दाखवायचं. यादी देशाची असते, माणसाची नाही. त्यामुळे म्युनिकमध्ये नोकरी करणारा पुण्याचा इंजिनिअर अडकतो, आणि सुट्टीवर गोव्याला आलेला जर्मन खुशाल ‘बुडनब्रोक्स’ वाचतो.

अपील झालं, २०१९मध्ये वरच्या कोर्टानेही प्रकाशकाचीच बाजू घेतली. शेवटी २०२१च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी तडजोड केली. ज्यांचे हक्क जर्मनीत अजून शिल्लक आहेत तेवढीच पुस्तकं तिथे अडवायची, बाकी ग्रंथालय उघडायचं. जे पहिल्या आठवड्यात करता आलं असतं, त्याला साडेतीन वर्षांहून जास्त लागली. हाइनरिश मान १९५०चे, त्यांचे हक्क तोवर संपलेही होते. टोमास मान १ जानेवारी २०२६ला मोकळे झाले. डब्लिन १९५७मध्ये गेले, त्यांची पाळी १ जानेवारी २०२८ला.

इटलीचं थोडक्यात. २०२०च्या टाळेबंदीत तिथे वर्तमानपत्रं आणि मासिकांच्या चोरट्या पीडीएफ टेलिग्रामवरून जोरात फिरू लागल्या. रोमच्या सरकारी वकिलांनी २८ साइट आणि चॅनेलांवर जप्तीचा हुकूम काढला आणि त्या यादीत प्रोजेक्ट गुटेनबर्ग सापडलं. आजचं वर्तमानपत्र चोरणाऱ्यांच्या ओळीत शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या वाटणारे. तिथे पानवाला धरला होता. २०२४मध्ये इटलीने फुटबॉल सामन्यांच्या चोरीसाठी अर्ध्या तासात साइट बंद करणारी यंत्रणा आणली, तिने ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी गूगल ड्राइव्हच्या फायली उतरवण्याचा पत्ताच बंद करून टाकला. घाई वाढली की यादी वाचणारा माणूस आधी जातो.

इथवर मी निरपराध ग्रंथालयांबद्दल बोललो. पण सगळीच घरं अशी नसतात. साय-हबची गोष्ट वेगळी आहे. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११मध्ये ती साइट सुरू केली. पैसे भरूनच वाचता येणारे शोधनिबंध तिथे फुकट मिळतात, आणि परवानगी कुणाचीच नसते. ‘सायन्स’ नियतकालिकाने २०१६मध्ये तिच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांत एकट्या भारतातून ३४ लाख निबंध उतरवले गेल्याचं निघालं. ज्या प्राध्यापकाचं कॉलेज एका नियतकालिकाची वर्गणी भरू शकत नाही, तो काय करणार? २०२०च्या डिसेंबरमध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या तीन प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. नवे निबंध चढवणार नाही अशी हमी एल्बाक्यानने दिली. खटला चालू राहिला, शास्त्रज्ञ मध्ये पडले, वर्षं गेली. ती हमी मोडल्याचं न्यायालयाला दिसलं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये साय-हब देशभर बंद करण्याचा आदेश निघाला.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९मध्येच अशा साइट ओळखायच्या खुणा ठरवल्या होत्या. मालक लपून बसतो का, तक्रारींना केराची टोपली दाखवतो का, साइटचा मुख्य धंदाच दुसऱ्याचा माल वाटण्याचा आहे का. अशी साइट नाव बदलून पुन्हा उगवली तर नवा दावा न लावता नुसत्या अर्जावर तिला यादीत घालता येतं. या खुणा लावल्या तर साय-हबला कुलूप लागणं कायद्यात बसतं, हे मला मान्य करावं लागतं, मनाला कितीही लागलं तरी. सरकारने ‘एक देश, एक वर्गणी’ योजना २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी विद्यापीठं-महाविद्यालयं आणि संशोधनसंस्थांसाठी. घरी बसून संशोधन करणारा निवृत्त शिक्षक आणि खासगी कॉलेजातली प्राध्यापिका तिच्या बाहेरच.

प्रकाशकाची बाजूही खोटी नाही. आपल्याकडे पुस्तकाची हजाराची आवृत्ती निघते, कधी पाचशेचीच, आणि पुस्तक बाजारात येऊन महिना होत नाही तोच त्याची तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटात ‘वाचनीय’ म्हणून फिरते. फिरवणाऱ्याला आपण वाचनसंस्कृती वाढवली असं वाटतं. त्या प्रकाशकाने कोर्टात जाऊ नये असं मी म्हणणार नाही. मागणी मात्र त्याने त्या पुस्तकापुरती करावी.

वरच्या खुणा कागदावर तरी ठीक आहेत. त्या लावायच्या आधी एवढं विचारलं जावं, की या घरात राहणारा पत्राला उत्तर देतो का? अर्काइव्ह देतं, गुटेनबर्ग देतं. अमेरिकेत मोठ्या प्रकाशकांनी इंटरनेट अर्काइव्हवर दावा लावला, २०२४मध्ये अपिलातही ते जिंकले, आणि पाच लाखांच्या आसपास पुस्तकं उसनी देण्याच्या कपाटातून काढावी लागली. नुकसान मोठं झालं. पण घर उघडं राहिलं आणि बाकीची कपाटंही.

तुमच्या पडद्यावर कधी ते दोन ओळींचं पान आलं तर मोडेम बंद-चालू करू नका. पडद्याचा फोटो काढा, तारीख आणि इंटरनेट कंपनीचं नाव लिहून ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या फोनवर तोच पत्ता उघडतो का पाहा. ग्रंथालयाला कळवा, कारण तुम्ही दार ठोठावलंत हे त्यांना समजलेलंच नसतं. दूरसंचार विभागाकडे माहितीच्या अधिकारात आदेशाची प्रत मागा. मिळेलच असं नाही, पण अर्ज नोंदला जातो. आणि जे पुस्तक हक्कमुक्त आहे आणि तुम्हाला वारंवार लागतं, त्याची प्रत घरी असू द्या. मोल्सवर्थ मी २०१७मध्ये साइट उघडली त्याच रात्री उतरवून घेतला. तो अडलेला शब्द मात्र त्यात सापडला नाही.